कडा कापलेलं चित्र

आजोळच्या देवघरात विश्वरूपाची एक तसबीर होती. मधोमध निळा विष्णू, त्याच्या मुखाच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरत गेलेली आणखी मुखं, त्यांच्याभोवती हातांचं मोठं वर्तुळ आणि प्रत्येक हातात वेगळं आयुध. वरच्या टोकापासून पायांपर्यंत रिकामी जागा म्हणून नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी सगळे कलंडले की मी ते हात मोजत बसायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. पुढे कॉलेजात असताना एका मित्राच्या काकांच्या संग्रहातली अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ ही एल.पी., म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, हातात आली आणि ती तशीच धरून मी बराच वेळ उभा राहिलो. आजोळचंच चित्र होतं ते. प्रत तीच नसेल, पण कूळ तेच. तोच निळा, तोच सोनेरी, तोच मुखांचा पंखा. फक्त मधल्या मुखांच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याच्या बँडमधले नोएल रेडिंग व मिच मिचेल.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर ऊर भरून आला. आमच्या देवघरातलं काहीतरी लंडनला पोचलं आणि तिथून जगभर गेलं, एवढंच तेव्हा कळलं. प्रश्न नंतर पडला. या कव्हरविषयी जिथे जिथे वाचलं तिथे तीन नावं भेटली. कार्ल फेरिसनं काढलेल्या छायाचित्रावरून रॉजर लॉनं तिघांचे चेहरे रंगवले आणि मांडणी डेव्हिड किंगनं केली. मूळ चित्राबद्दल मात्र ‘बाजारात मिळणारं एक हिंदू धार्मिक पोस्टर’ एवढंच. तीन चेहरे रंगवणाऱ्याचं नाव आहे आणि बाकी सगळं, म्हणजे ते हात, ती आयुधं, ती प्रभावळ रंगवणाऱ्याचं नाही.

रॉकच्या कव्हरांमध्ये आपले देव आले की आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, बघा, बीटल्सनासुद्धा आपलं वेड होतं. दुसरा म्हणतो, भावना दुखावल्या, माफी मागा. मला तिसरीच तक्रार करायची आहे आणि ती मला या दोन्हींपेक्षा खरी वाटते. या कव्हरांनी आपल्या देवाचं काही बिघडवलेलं नाही. त्यांनी आपल्या चित्रकाराला पुसलं. आणि ते पुसणं आपण खपवून घेतलं, कारण त्याला आधी आपणच पुसलं होतं.

तक्रार नीट मांडायची तर ही कव्हरं मुळात किती मोलाची होती ते आधी कबूल केलं पाहिजे. १९४० च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण कलाकारानं कोलंबिया कंपनीला कव्हरावर चित्र छापायला राजी केलं. त्याआधी तबकड्या साध्या, काळपट आवरणांतून विकल्या जायच्या. १९४८ मध्ये एल.पी. आली आणि बारा इंचांचा चौरस चित्रकाराच्या हाती आला. तरीही पुढची सतरा-अठरा वर्षं त्या चौरसात बहुतेक वेळा गायकाचा हसरा फोटोच असायचा. तो बदलला १९६६-६७ मध्ये, दोन वेगळ्या ओढींमुळे. त्या एकत्र घोळल्या जातात, पण त्यांचा स्वभाव निराळा आहे.

पहिली ओढ सायकेडेलिक. हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञानं पन्नाशीच्या दशकात घडवला; मनाला प्रकट करणारं, असा त्याचा साधारण अर्थ. सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर आणि ॲव्हलॉन या सभागृहांतल्या कार्यक्रमांची पोस्टरं करणाऱ्यांनी त्याला दृश्यरूप दिलं. वेस विल्सननं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची जुनी अक्षरं घेतली आणि ती वितळल्यासारखी, फुगल्यासारखी केली. व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सकडे रंग शिकलेला. शेजारी ठेवल्यावर डोळ्याला झोंबतील असे रंग टाळायचे, हा तिथला धडा. मोस्कोसोनं तो उलटा केला. सारख्याच तीव्रतेचे लाल आणि निळे त्यानं एकमेकांना खेटून लावले, आणि त्यांच्यातली रेघ थरथरते आहे असं पाहणाऱ्याला वाटू लागलं. पोस्टर वाचायला वेळ लागला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. जाहिरातीच्या धंद्यात याहून धाडसी विचार सापडणं कठीण. लंडनमध्ये मार्टिन शार्पनं १९६७ साली ‘क्रीम’ या बँडच्या ‘डिझरायली गिअर्स’वर चमकणारे फ्लुरोसंट रंग फासले. त्यातला गुलाबी आजही नवा वाटतो.

दुसरी ओढ पॉप आर्टची. तिचा मार्ग बाजारातून जातो. सूपचे डबे, कॉमिक्स, सिनेतारकांचे फोटो, जत्रेतले फलक, म्हणजे ज्याला कलादालनात प्रवेश नव्हता ते सगळं तिनं आत आणलं. तिचा बिनीचा चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६७ मध्ये ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडसाठी सोलता येणारं केळं दिलं. त्या कव्हराच्या दर्शनी बाजूवर बँडचं नाव नाही, वॉरहॉलचं आहे. १९६८ मध्ये रिचर्ड हॅमिल्टननं बीटल्सना कोरं पांढरं कव्हर दिलं आणि प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक छापला. लाखोंनी छापली जाणारी वस्तू मर्यादित आवृत्तीच्या चित्रासारखी वागवली.

आणि या दोघांच्या मधोमध बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही एल.पी. १९६७ च्या या कव्हरासाठी आधी ‘द फूल’ या डच मंडळींचं एक सायकेडेलिक चित्र तयार होतं. कलादालन चालवणाऱ्या रॉबर्ट फ्रेझरनं बीटल्सना ते सोडून द्यायला लावलं आणि पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ या पॉप आर्टवाल्या जोडप्याकडे काम गेलं. ‘द फूल’च्या वाट्याला आतलं आवरण आलं. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वप्नातलं धुकं गेलं आणि त्या जागी नाव-गाव असलेल्या माणसांची गर्दी आली. पुठ्ठ्याची माणसं खरोखर उभी केली गेली, हॉवर्थनं शिवलेली कापडी आजी बसवली गेली, मधला ढोल ‘जो एफग्रेव्ह’ या जत्रेतल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतला गेला आणि मायकल कूपरनं ३० मार्च रोजी त्याचा फोटो घेतला. कव्हराला साधारण पन्नास पौंड लागायचे त्या काळात याला तीन हजारांच्या आसपास लागले. ब्लेकना मिळाले दोनशे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कंपनीच्या वकिलांनी बजावलं की गर्दीतल्या प्रत्येक हयात माणसाची लेखी संमती हवी. पत्रं गेली. मे वेस्ट या नटीनं आधी नकार दिला, मग बीटल्सनी स्वतः लिहिल्यावर ती तयार झाली. लिओ गॉर्सी या नटानं चारशे डॉलर मागितले, तर त्याला चित्रातून काढलं. गांधीजींचा पुतळाही तयार होता. ई.एम.आय. या रेकॉर्ड कंपनीच्या सर जोसेफ लॉकवुडना भारतात गोंधळ होईल अशी भीती वाटली, म्हणून तो काढला. जॉर्ज हॅरिसननं निवडलेले चार योगी मात्र राहिले. महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि योगानंद. पुढच्या बाजूला लक्ष्मीची छोटी मूर्तीही आहे. म्हणजे त्या कव्हरात चेहरा असलेल्या हयात माणसांची विचारपूस झाली. ज्याचा चेहरा तिथे नव्हता, फक्त हातकाम होतं, त्याची झाली नाही. लक्ष्मीची मूर्ती घडवणारा कोण, हा प्रश्न त्या पत्रव्यवहारात बसणाराच नव्हता. आणि जॅन हॉवर्थचं काय झालं? ग्रॅमी पुरस्कारात तिचं नाव आहे, तरी पन्नास वर्षं लोक ‘पीटर ब्लेकचं कव्हर’ असंच म्हणत आले. नाव गळण्याचा रोग तिथल्या तिथेही होता.

आता त्याच वर्षाच्या डिसेंबरकडे या. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या एका महिन्यावर आहे. लंडनच्या ट्रॅक रेकॉर्ड्स या कंपनीनं त्या महिन्यात दोन एल.पी. काढल्या. एक ‘द हू’ या बँडची ‘द हू सेल आउट’, दुसरी हेंड्रिक्सची ‘ॲक्सिस’. दोन्ही कव्हरं डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ यांची. कंपनी तीच, महिना तोच, डोकी तीच.

‘द हू’च्या कव्हरावर चार जाहिराती आहेत. रॉजर डाल्ट्री हाइन्झच्या बीन्सनं भरलेल्या टबात बसलाय, पीट टाउनशेंड काखेत भलीमोठी दुर्गंधनाशक कांडी फिरवतोय, कीथ मून मुरमांवर मलम लावतोय आणि जॉन एंटविसल शरीरसौष्ठवाच्या जाहिरातीतला बहाद्दर झालाय. बीन्स इतके गार होते की आपण आजारी पडलो, असं डाल्ट्रीनं पुढे सांगितलंय. पॉप आर्टचा इतका शुद्ध नमुना रॉकमध्ये क्वचित सापडेल. इंग्लंडमधल्या माणसाला ते पाहताक्षणी कळतं, कारण हा त्याचाच बाजार आहे. बीन्सचा डबा कुठून आला, तो कोण विकतं, त्याची जाहिरात कशी बनते, हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो तिची थट्टा करू शकतो.

‘ॲक्सिस’वर आहे विश्वरूप. ते चित्र कुठे टांगलेलं असतं? किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडे. खाली दुकानदाराचं नाव, पत्ता, अलीकडे फोन नंबर आणि बारा महिन्यांची पानं. विडीवाल्यांनी, साबणवाल्यांनी, सुपारीवाल्यांनी गिऱ्हाइकाला दिवाळीत फुकट दिलेलं चित्र असतं ते. हाइन्झचा डबा आणि कॅलेंडरवरचा विष्णू एकाच घरातले आहेत, एकाच छापखान्याच्या शाईतून निघालेले. बाजारू चित्राला मान देण्यासाठी जी कलाचळवळ जन्मली, तिच्या समोर जगातल्या सर्वांत समृद्ध बाजारू चित्रपरंपरेचा एक नमुना होता. आणि तिला तो ओळखता आला नाही. तिला वाटलं, हे काहीतरी प्राचीन आहे, पूर्वेकडचं आहे, गूढ आहे. बीन्सना पॉप आर्टची नजर मिळाली आणि विष्णूला सायकेडेलिक नजर. माझी तक्रार इथून सुरू होते.

प्राचीन कसलं? या छापील देवांना तारखा आहेत, पत्ते आहेत. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. शिळाप्रेसवर रंगीत देवादिक आणि पेशवे छापून ते घराघरांत पोचवणं, हा त्यांच्या देशकार्याचाच भाग होता. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभारला, तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. प्लेगच्या दिवसांत तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडेच गेला. पुण्याला जाताना लोकलच्या खिडकीतून दिसणारं मळवली! तिथल्या दगडांवरून उतरलेल्या लक्ष्मी आणि सरस्वतीनं देवी कशी दिसते हे करोडो लोकांना शिकवलं. पुढे गोव्याहून आलेले रघुवीर मुळगावकर, गुलबर्ग्याहून आलेले एस. एम. पंडित, तिकडे तमिळनाडूत कोविलपट्टीचे कोंडैया राजू. ही सगळी विसाव्या शतकातली व्यावसायिक माणसं. मुदत सांभाळणारी, गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्या ऐकणारी, कोपऱ्यात सही करणारी. वॉरहॉलनंही न्यूयॉर्कमध्ये आधी अनेक वर्षं बुटांच्या जाहिराती काढल्याच की. मुळगावकर त्याचे व्यवसायबंधू होते.

सायकेडेलिक नजरेनं दुसरीही एक चूक केली. अनेक हात, अनेक मुखं, झगझगीत रंग, छायेचा अभाव हे सगळं तिला भास वाटलं, म्हणजे मनावरचा लगाम सुटल्यावर दिसतं ते. खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. कॅलेंडरवाल्याला एकही हात मनानं काढता येत नाही. कुठल्या हातात शंख, कुठल्यात चक्र, गदा वर की खाली, हे ठरलेलं. चूक झाली तर छापणारा चित्र परत करतो आणि गिऱ्हाईक ते घेत नाही. मी लहानपणी मोजायचो ते हात कुणीतरी आधी माझ्यापेक्षा काळजीपूर्वक मोजले होते. विल्सनचं वितळणारं अक्षर आणि विश्वरूपाचं वर्तुळ वरवर सारखी दिसली, तरी एकात शिस्त मोडण्याचा आनंद आहे आणि दुसऱ्यात ती पाळण्याचा. शिवाय गीतेत अर्जुन ते रूप पाहून हरखत नाही, हादरतो, आणि आपलं नेहमीचं रूप पुन्हा दाखव म्हणून हात जोडतो. कव्हरावर विश्वरूपाची श्रीमंती आली, धाक आला नाही. हेंड्रिक्सला स्वतःलाही हे कव्हर आपलं वाटलं नव्हतं. आपल्या वंशात अमेरिकेतल्या मूळनिवासी इंडियनांचं रक्त आहे, त्यांचं काही चित्र शोभलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. ज्याच्यासाठी उसनं आणलं तोही म्हणाला की हे माझं नाही. मग ते ज्याचं होतं त्याला कुणी विचारायला काय हरकत होती?

‘रोलिंग स्टोन्स’ या बँडच्या बोधचिन्हातल्या जिभेची गोष्ट यापेक्षा सौम्य आहे, पण वळण तेच. १९७० मध्ये त्यांचा गायक मिक जॅगरनं दुकानातलं कालीमातेचं एक चित्र जॉन पॅश या कलाविद्यार्थ्याला दाखवलं. पॅशनं त्यातली जीभ आणि तोंड तेवढं उचललं. त्याला पन्नास पौंड मिळाले. २००८ मध्ये त्याचं मूळ रेखाटन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं ९२,५०० डॉलरना विकत घेतलं. पॅशला हे श्रेय मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे, कारण लोक ते चिन्ह वॉरहॉलच्या नावावर खपवत होते. शिवाय त्यानं कालीची नक्कल केली नाही, तिच्यातून नवं काहीतरी घडवलं. उसनवारी असावी तर अशी. पण ते दुकानातलं चित्र रंगवणारा हात या गोष्टीत कुठेच नाही, आणि तो नसल्याचं कुणाला जाणवतही नाही.

कुणी म्हणेल, हे तुमच्याच बाबतीत झालं असं समजू नका. हे मला मान्य आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा उलट बळकट होतो. वॉरहॉलनं १९६४ मध्ये ब्रिलो साबणाची खोकी कलादालनात मांडली. ते मूळ खोकं जेम्स हार्वीनं बेतलेलं होतं. हार्वी स्वतः गंभीर चित्रकार होता, पोटासाठी खोकी करायचा, आणि पुढच्याच वर्षी गेला. लिक्टेन्स्टाइन या पॉप आर्टवाल्याच्या प्रसिद्ध विमानयुद्धाच्या चित्रामागे अर्व्ह नॉव्हिकनं काढलेली कॉमिकची चौकट आहे. ‘पिंक फ्लॉइड’ या बँडच्या १९६८ च्या कव्हरात हिप्नोसिस या कव्हरं करणाऱ्या मंडळींनी मारी सेव्हरिननं काढलेला कॉमिकमधला डॉक्टर स्ट्रेंज मिसळला. पॉप आर्टनं बाजाराला मखरात बसवलं, पण बाजारात राबणाऱ्याला दारातच ठेवलं. फरक एवढाच की हार्वी, नॉव्हिक, सेव्हरिन यांची नावं आज आपल्याला घेता येतात. त्यांच्या देशात कुणीतरी कागद जपले, हिशेब जपले, अंक जपले आणि मग शोधणारे आले. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचा गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा माउस आणि केली या पोस्टरवाल्यांनी वाचनालयातल्या उमर खय्यामच्या एका जुन्या सचित्र आवृत्तीतून घेतला. तो एडमंड सलिव्हनचा हे सगळ्यांना माहीत आहे, कारण पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव छापलेलं होतं.

डेव्हिड किंगविषयी थोडं थांबून लिहायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. या माणसानं पुढचं सगळं आयुष्य सोव्हिएत काळातले फोटो जमवण्यात घालवलं. स्टालिनच्या काळात ज्यांना मारलं त्यांना फोटोंतूनही खोडलं जायचं. किंगनं मूळ आणि खोडलेली अशा जोड्या शोधून शेजारी शेजारी मांडल्या, एकेका पुसलेल्या माणसाला नाव परत दिलं. त्याचा प्रचंड संग्रह आज टेट या ब्रिटिश संग्रहालयाकडे आहे. नाव पुसणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? म्हणून १९६७ मधल्या त्या तरुण किंगकडे मी बोट दाखवत नाही. पण इतक्या डोळस माणसालाही त्या वर्षी कॅलेंडरामागचा माणूस दिसला नाही. आंधळी जागा किती मोठी होती, याचं माप मला यातून मिळतं.

आणि आपण? आजी गेल्यावर घर आवरताना मी ती तसबीर उतरवली. मागचा पुठ्ठा कुजला होता म्हणून चित्र बाहेर काढलं. अशा चित्रांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव, कधी गाव, कधी चित्रकाराचं नाव असतं. आमच्या चित्राची ती पट्टी सरळ कापलेली होती. फ्रेम मापाची होती, चित्र अर्ध्या इंचानं मोठं होतं, फ्रेमवाल्यानं पट्टी उडवली. घरातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नसणार. देव पूर्ण आला म्हणजे झालं. कडेला दोन-तीन अक्षरांची वरची टोकं तेवढी उरली होती. काने, एखादी वेलांटी. त्यावरून काही जुळत नाही, मी खूप प्रयत्न केला.

हे फक्त आमच्या घरात घडलेलं नाही. छापणारे एकरकमी पैसे देऊन चित्र घ्यायचे आणि हक्क त्यांच्याकडे जायचा. दुसरा छापणारा ते उचलायचा तेव्हा सही खोडायचा. यावर ठरावीक उत्तर येतं की आपल्या परंपरेत कलावंत नाव लावतच नाही, सगळं ईश्वरार्पण. मला हे पटत नाही. मुळगावकरांची सही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर लांबून ओळखू यायची, लोक ती सही बघून अंक उचलायचे. नाव लावण्याची इच्छा त्यांना पुरेपूर होती. ईश्वरार्पण हा शब्द आपण नंतर, आपला निष्काळजीपणा झाकायला आणला.

म्हणून देवाच्या अपमानाचे मोर्चे निघतात तेव्हा मी अस्वस्थ होतो. १९९७ मध्ये ‘एरोस्मिथ’ या बँडच्या ‘नाइन लाइव्हज’वर कृष्णाच्या कालियामर्दनाचं चित्र मांजराचं तोंड लावून वापरलं. कृष्णभक्तांच्या एका प्रकाशनातल्या चित्रावरून ते बेतलेलं होतं. अमेरिकेतल्या हिंदूंनी निषेध केला, कंपनीनं माफी मागितली, कव्हर बदललं. २०१४ मध्ये मलेशियानं तर ‘ॲक्सिस’च्या कव्हरावर बंदी घातली, निघाल्यानंतर ४७ वर्षांनी. एवढी ताकद आपण लावू शकतो, हे यातून दिसलं. भावनांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. माझ्या आजीला तो मांजरमुखी कृष्ण खरंच सोसला नसता. पण बंदीनं काय साधतं? कव्हर दुकानातून जातं आणि त्याबरोबर त्याच्यात दडलेलं मूळ चित्रही चर्चेतून जातं. दोन्ही वेळा चित्रकाराला त्यातून काय मिळालं? तो आधी उसनवारीत पुसला गेला, मग निषेधातही.

बंदीऐवजी मला हवी आहे ती एक ओळ. ‘ॲक्सिस’च्या नव्या आवृत्त्या सतत निघतात, आत जाडजूड पुस्तिका असते, कुठला गिटार कुठल्या गाण्यात वापरला याच्या याद्या असतात. त्यात छापायला हवं की मूळ चित्र भारतीय छापील चित्रपरंपरेतलं आहे, ते अमुक छापखान्याचं आहे, चित्रकार अमुक आहे. आणि शोधूनही तो मिळाला नाही तर ‘चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही’ असं तरी. रिकामी जागा दाखवली की कुणीतरी ती भरायला धडपडतं. आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात, बारा इंचांचं कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं झालंय, आणि बऱ्याच ठिकाणी कव्हर कुणाचं हे सांगणारी ओळच नसते. जे आपल्या कॅलेंडरवाल्याचं झालं ते आता किंगचं आणि हॉवर्थचंही होऊ घातलंय. त्यामुळे ही मागणी एकट्या भारतीयांची राहिलेली नाही.

पण ती करण्याचा हक्क आपल्याला घरातलं काम केल्यावरच मिळेल. चित्रशाळेची आणि मळवलीची चित्रं आज लिलावांत विकली जातात, संग्राहक ती जपतात. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये जळाला तेव्हा मात्र वाचवायला फारसं कुणी धावलं नव्हतं. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅसेटच्या काळातली भक्तिगीतांची आणि लोकगीतांची कव्हरं, गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तिका, तंबाखूच्या पुड्यांवरचे छाप, यांची चित्रकाराच्या नावासह नोंद करणारी एखादी सार्वजनिक सूची महाराष्ट्रात आणि गोव्यात व्हायला हवी. कला महाविद्यालयांतल्या मुलांना वॉरहॉलचं केळं शिकवतात, शिकवावंच. त्याच तासाला त्यांना आपापल्या गावातल्या फ्रेमवाल्याकडे पाठवावं. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला कापलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो. मी पाहिलाय. रद्दीवाला दर काही महिन्यांनी नेतो तो.